चार दिवसांची वही

मामीला जाऊन आज सहा आठवडे झाले. ती गेल्याचं मला कुणी सांगावं लागलं नाही, मी तिच्या उशाशीच होते. पण छापील बातमी मी चौथ्या दिवशी वाचली आणि तेव्हा जी शिसारी आली ती अजून गेलेली नाही. दोन ओळी होत्या. ‘येथील बहुभाषाकोविद भाऊसाहेब यांच्या पत्नी सौ. वत्सलाबाई अल्पशा आजाराने निवर्तल्या. त्या अत्यंत धर्मपरायण होत्या.’ बस्स. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, पण इथं तर दूधसुद्धा भाऊसाहेबांच्याच नावानं निघालं. भाऊसाहेब म्हणजे माझे सख्खे मामा. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये हे मला ठाऊक आहे, आणि मी बोलणारही नाही. जे काही वाईट बोलायचंय ते जिवंत माणसांबद्दल, आणि त्यांत मीही आले. आणखी एक. या लेखात बायकांच्या चार दिवसांचा उल्लेख येणार आहे, एकदा-दोनदा नाही, सारखा येणार आहे. संपादकांना तो गाळायचा असेल तर त्यांनी सगळा लेखच परत पाठवावा, कारण तो काढल्यावर मागे काही उरत नाही.

संस्थानं मिळून मध्यभारत राज्य झालं तेव्हा मी देवासहून शिकायला मामांकडे इंदूरला आले. चौदा वर्षांची होते. छत्रीबागेतलं भाड्याचं घर, वर तीन खोल्या, खाली चौकाच्या कडेला एक कोळशाची खोली, आणि चौकापलीकडे घरमालकीण राहायची, तिला सगळे सेठाणीजी म्हणत. मामा होळकर दरबारात परदेशी पत्रव्यवहाराच्या कचेरीत होते. दरबार गेला, कचेरी गेली, आणि मामा नव्या सरकारात साधे कारकून झाले. ते त्यांना फार लागलं. दरबारातून निघताना त्यांनी इंग्रजीतून स्पॅनिश शिकवणारं एक जाडजूड पुस्तक घरी आणलं होतं. कसं आणलं ते मला विचारू नका. दिल्लीच्या सरकारला आता परदेशी भाषा येणारी माणसं लागणार, असं त्यांच्या डोक्यात बसलं होतं, म्हणून ते ओसरीवर चार-पाच तरुणांना स्पॅनिश शिकवायचे. पण हे फक्त उन्हाळ्यात. मध्यभारताला दोन राजधान्या, उन्हाळ्यात इंदूर आणि हिवाळ्यात ग्वाल्हेर. दर सहा महिन्यांनी सगळ्या फायली पोत्यांत बांधून निघायच्या आणि पोत्यांच्या मागोमाग मामा. त्यामुळे दर उन्हाळ्यात वर्ग पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरू व्हायचा आणि बाराव्या धड्याला संपायचा. बाराव्याच्या पुढे गुरुजींना येत नव्हतं, हे मला बऱ्याच उशिरा समजलं.

त्यातला नववा धडा मला आजही पाठ आहे. त्या भाषेत माणूस नुसता उठत नाही, तो स्वतःला उठवतो. मे लेवान्तो, म्हणजे मी मला उठवतो. मे लावो, मी मला धुतो. मे विस्तो, मी मला कपडे घालतो. जे काम आपण आपल्यावरच करतो त्याच्या आधी तो ‘मे’ लावायचा, ‘मे’ म्हणजे मला. मामा शिकवायचे मोठ्या झोकात. एकेकाला उभं करायचे आणि बोलता बोलता तसं करून दाखवायला लावायचे. ओसरीवर पाच पुरुष हवेतल्या हवेत तोंड धुतायत, भांग पाडतायत, बटणं लावतायत, आणि सगळे ‘मला, मला’ म्हणतायत. आत मामी पोळ्या लाटत होती. तिनं तोंडाला पदर लावला आणि मला हळूच म्हणाली, ‘मी मला उठवतो म्हणे. यांना उठवायला मला तीनदा जावं लागतं.’ खरंच होतं ते. मामांचं आंघोळीचं पाणी मामी काढायची, पाठीवर तांब्या मामी ओतायची, धोतराची चूण मामी करून ठेवायची, चहातली साखरसुद्धा मामीच ढवळायची. जोड्यांत पाय तेवढे मामा आपले आपण घालायचे. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हेही लिहून ठेवते.

मामीचं माहेर मानपूरचं. वडील आग्रा-मुंबई सडकेवर नाकेदार होते, आणि नाक्यावर थांबणाऱ्या लोकांच्या गप्पा ऐकत ही मोठी झाली. इंग्रजी चौथीपर्यंत शिकली होती, मग लग्न. मूलबाळ नव्हतं. महिन्यातले चार दिवस ती खाली कोळशाच्या खोलीत बसायची. एक पोतं, एक तांब्या, एक ताट. खिडकीतून खान नदी दिसायची आणि तिचा वासही यायचा. मामा याबाबतीत भयंकर कडक. चौकातून जाताना उपरणं नाकाशी धरायचे आणि मान वळवून झपाझप निघून जायचे, जणू आत काही कुजलंय. तिच्याशी बोलायचं झालं तर मला मध्ये घालायचे, ‘तिला विचार’, ‘तिला सांग’. आणि हाच माणूस संध्याकाळी ओसरीवर बसून युरोपातली माणसं किती पुढारलेली आहेत ते सांगायचा. पहिल्या हिवाळ्यात मामा ग्वाल्हेरला गेले आणि मामी बाजूला बसली, तेव्हा मी तिला म्हटलं की आता कोण बघतंय, चल वर. ती नको म्हणाली. मला वाटलं, हीसुद्धा तसलीच कर्मठ. थोड्या वेळानं तिनं विचारलं, ते अलमारीतलं पुस्तक आणतेस का…

मी आणलं. उंबऱ्यावर ठेवलं, तिनं उचललं. दारात बसून मी इंग्रजी वाचायची, अडेल तिथं शाळेतल्या डिक्शनरीत बघून यायची, आणि ती आत पोत्यावर बसून लिहायची. स्पॅनिश बोलणारा माणूस आम्ही दोघींनी कधी पाहिला नाही, ऐकलाही नाही. उच्चार खरे की खोटे, देव जाणे. पण दुसऱ्या हिवाळ्यात तिनं ते जाडजूड पुस्तक संपवलं. मामा बारा धड्यांत अडकले होते आणि ही साठ धडे पार करून बसली होती, तेही महिन्यातले चारच दिवस मिळून. मी एकदा विचारलं की मामी, बाकीच्या दिवसांत का गं नाही वाचत? तेव्हा म्हणाली, ‘सव्वीस दिवस माझा हात दुसऱ्याच्या अंगावर चालतो. हे चार दिवस माझं मला.’ त्या खोलीत ती स्वतःचं ताट स्वतः घासायची, स्वतःचं अंथरूण स्वतः घालायची, आणि तिला कुणी उठवायचं नव्हतं की तिनं कुणाला.

मग आम्ही लबाडी सुरू केली. आता हसू येत नाही, तेव्हा फार यायचं. चार दिवसांचे सहा केले. पुढे महिन्यातून दोनदा. मामा ग्वाल्हेरला असले की मामीचं बसणं वाढायचं. मी स्वयंपाक करायची, सब्जी जळायची, पोळ्या नकाशासारख्या व्हायच्या, पण मामी खाली लिहितेय या आनंदात मी ते सगळं झंझट पोटात घालायची. विटाळ झालेल्या बाईला कुणी का आणि कसं विचारत नाही. त्याच्याइतकी भक्कम कडी दुसरी नाही, हे मामीनं बरोबर हेरलं होतं. सेठाणीजी तर गल्लीभर सांगत सुटली की ‘बाई तो बड़ी नेम-धरम वाली है, पति बाहर है फिर भी इतना पालती है.’ वर्तमानपत्रातली ती धर्मपरायणता तिथून आलेली आहे.

वही तिनं निळ्या शाईनं लिहिली. मराठी बायकांना घरबसल्या ती भाषा शिकता यावी म्हणून. इंग्रजी पुस्तकातला नववा धडा तिनं पार मोडून नव्यानं बांधला. प्रत्येक काम दोनदा, एकदा स्वतःसाठी आणि एकदा दुसऱ्यासाठी. मी उठते, मी यांना उठवते. मी न्हाते, मी यांना न्हाऊ घालते. मी वेणी घालते, मी भाचीची वेणी घालते. आणि शेवटी म्हटलं होतं की बाईनं संध्याकाळी पाटीवर दोन रकाने आखावेत, दिवसभरातली कामं त्यांत मांडावीत, आणि पहिला रकाना रिकामा राहिला तर धडा पुन्हा करावा. मी हे वाचून हसले होते. पहिल्या पानावर नाव घालायला तिला अख्खा दिवस लागला. सौ. लिहावं का, आडनाव लिहावं का, यांचं नाव मध्ये घालावं का. शेवटी नुसतं ‘वत्सला’ लिहिलं. तिनं जन्मात एवढं एकच मागितलं माझ्याकडे. म्हणाली, ‘ही छापून आली पाहिजे, माझ्या नावानं. तू शिकलेली आहेस, तू कर काहीतरी.’ मी हो म्हटलं. सोळा-सतरा वर्षांची होते, हो म्हणायला काय जातंय.

त्या साली फायलींच्या पहिल्या खेपेबरोबर मामा आठवडाभर आधीच परतले. न सांगता. चौकात आले तेव्हा मामी खिडकीशी बसून लिहीत होती, आणि ते तिचे खरेच चार दिवस होते. मामा उंबऱ्याबाहेर थांबले, उपरणं नाकाशी धरलं आणि मला हाक मारली. तिच्या हातात काय आहे ते विचारलं. मी सांगितलं, वही. कसली ते विचारलं. मला वाटलं, आता खूश होतील… इतकी मी बावळट. सगळं सांगून टाकलं. मामा म्हणाले, ‘पाणी शिंपड आणि वर आण.’ मी मामीकडे पाहिलं. तिनं वही बंद केली, जमिनीवर ठेवली आणि हात काढून घेतला. मी तांब्यातून पाणी घेतलं. घाबरले होते, शिंपडायच्या ऐवजी ओतलंच गेलं. पुठ्ठ्यातून पाणी पहिल्या पानावर उतरलं. मी ती पदराला पुसून वर नेऊन दिली. त्या चार दिवसांत मामीच्या हातचं पाणी ज्या माणसाला चालत नव्हतं, त्याला तिच्या हातची वही चालली. त्या संध्याकाळी न जेवता त्यांनी ती वाचून काढली.

पुढच्या वर्षी पुस्तक छापून आलं, मामांच्या नावानं. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय. प्रस्तावनेत लिहिलं होतं की हे माझ्या पंधरा वर्षांच्या तपश्चर्येचं फळ आहे. मुद्रकाचे आभार, वरिष्ठांचे आभार, आणि शेवटी सौभाग्यवतीचेही, तिनं वेळोवेळी चहा दिल्याबद्दल. नववा धडा जसाच्या तसा, फक्त वेणीच्या जागी दाढी आली होती. मी माझी दाढी करतो. मामांच्या दाढीला दर दिवसाआड न्हावी घरी यायचा, जन्मात त्यांनी वस्तरा हातात धरला नाही. दोन रकान्यांची गोष्ट काढून टाकली होती. एका सभेत त्यांना शाल-श्रीफळ मिळालं, टाळ्या झाल्या, त्यांच्याच कचेरीतला एक जण इंदुरी थाटात ‘भिया, कमाल कर दी’ म्हणत गळ्यात पडला. मी मागच्या बाकावर बसून ते बघत होते. घरी आल्यावर धीर करून विचारलं की पहिल्या पानावर मामीचं नाव होतं, त्याचं काय झालं. मामा अगदी शांतपणे म्हणाले, ‘नाव? मला तर तिथं डाग दिसला.’ आणि ते खोटं नव्हतं. तो डाग मीच पाडला होता. आणखी ऐका. छापील पुस्तकाची एक प्रत त्यांनी देवांच्या कोनाड्यात ठेवली आणि मामीला बजावलं की त्या चार दिवसांत या पुस्तकाला हात लावायचा नाही.

मामी रडली नाही, भांडली नाही. याचाही मला तेव्हा राग आला होता. दोन दिवसांनी मला म्हणाली की आता दुसरी वही पेन्सिलीनं लिहीन, पेन्सिल पाण्यानं जात नाही. आणि मामांची पाठ वळल्यावर खरंच लागली लिहायला. मी कन्याशाळेत शिकवायला लागले होते, तिथून कागद आणून द्यायची. या वेळी आम्ही फार सांभाळून होतो. सेठाणीजीला संशय येऊ नये म्हणून मी दारात बसणं बंद केलं, ताट उंबऱ्यावरून आत सरकवायची आणि लांबूनच बोलायची. नाटक करता करता आम्ही ते खरंच पाळायला लागलो, आणि हे माझ्या ध्यानातच आलं नाही. लबाडी नवी होती तेव्हा मी तिच्या पोत्यावर तिला खेटून बसायची. नंतर मी तिला हात लावलेलाच मला आठवत नाही.

या हिवाळ्यात ती खाली बसली ती बसलीच. चार झाले, सहा झाले, आठ झाले. मी मनात खूश, वही पुढे सरकतेय. आठव्या दिवशी मी ताट घेऊन गेले तेव्हा सेठाणीजी चौकात पापड वाळत घालत होती. मामी खिडकीशी भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, ‘या वेळी खरं आहे गं. डॉक्टरीणबाईला बोलाव.’ मी सेठाणीजीकडे पाहिलं आणि मामीला डोळा मारला. मला वाटलं, काय फर्मास बोलली, सेठाणीला ऐकू जाईल असं बरोबर बोलली. मामीनं माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि ताट जवळ ओढलं. पुन्हा ती बोलली नाही. माझ्या शाळेत परीक्षा होत्या, मी सकाळी ताट सरकवायची, संध्याकाळी उचलायची. ताटातलं निम्मं तसंच असायचं, आणि मी म्हणायची की लिहिण्यात जेवणाचं भान राहत नाही हिला. एकदा हात लावला असता तर कळलं असतं, ती किती गार पडली होती. बाराव्या दिवशी ताट जागचं हललेलं नव्हतं. मी आत गेले तेव्हा पोतं ओलं होतं आणि ती खाली पडली होती…

जनाना इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, ‘कितने दिन से है?’ मी बोटं मोजायला लागले. मोजता येईना. कुठले दिवस खरे होते आणि कुठले आम्ही घातलेले, तेच मला सांगता येईना. या महिन्यातले सांगू की सगळ्या हिवाळ्यातले? तिचं कधीपासून दुखत होतं, कधीपासून इतकं जात होतं, आणि त्यातलं किती मी लबाडी समजून कौतुक केलं होतं? डॉक्टरीणबाई वैतागल्या. घर में कोई औरत नहीं थी क्या, म्हणाल्या. मी म्हटलं, मी होते. मामी दुसऱ्या दिवशी पहाटे गेली. चार दिवस आधी आणली असती तर वाचली असती, असं त्या जाता जाता म्हणाल्या. माझ्यावर उपकार करायला म्हणाल्या नाहीत, पण मला कुणीतरी ते सांगणं भाग होतं.

आदल्या दिवशी केलेली तार मिळून मामा त्याच दिवशी दुपारी गाडीनं पोचले. तिरडी बांधून तयार होती. मामांनी भटजींना बाजूला घेतलं आणि अशा अवस्थेत बाई गेली तर काय करावं लागतं ते विचारलं. भटजींनी सांगितलं, आणि गोमूत्र आलं. तिच्या तोंडावर, केसांवर, हातांवर. मी बघत उभी होते. मला मामांची किळस आली असं लिहायला सोपं आहे, आणि ती आलीच. पण मामांनी निदान जन्मभर एकच सोंग केलं. मी दोन केली. तिच्या बाजूचंही आणि त्यांच्या बाजूचंही.

तेराव्यानंतर कोळशाच्या खोलीला चुना दिला, पोतं जाळलं. मामा ग्वाल्हेरला परत निघाले त्या सकाळी मी त्यांच्या कोटाला बटणं लावली नाहीत, तेव्हा बराच वेळ ते कोट हातात धरून उभे होते. शेवटी शेजारच्या मुनीमजींना बोलावून त्यांच्याकडून लावून घेतली. मग जिन्यात थांबून मला विचारलं, ‘तिनं पुढचं काही लिहिलं होतं का? मुद्रक दुसरा भाग मागतायत.’ आवाज अगदी मऊ होता. सहा महिन्यांत भोपाळ नवी राजधानी होईल, नव्या सरकारात जागा निघतील, दुसरा भाग हाताशी असला तर बरं पडेल, असंही सांगितलं. मी म्हटलं, नाही. काही लिहिलं नव्हतं.

वही माझ्याकडे आहे. अठ्ठेचाळीस पानं भरली आहेत, आणि शेवटच्या बारा दिवसांची एक ओळसुद्धा नाही. मी ती छापणार आहे, तिच्या नावानं, कुणाचं नाव मध्ये न घालता. कोण छापेल ते ठाऊक नाही. पण पाच वर्षांपूर्वी हो म्हटलं होतं. या महिन्यात मी कोळशाच्या खोलीत बसायला गेले. मला कुणी बस म्हटलं नव्हतं, घरात म्हणणारं कुणी नाही. सेठाणीजी चौकातून बघून गेली आणि दोन बोटं कानाला लावून ‘मामी पर गई है’ म्हणाली. खोलीला अजून चुन्याचा वास येतो. नवं पोतं अंगाला टोचतं. पहिले दोन दिवस मी वही वाचली, तिसऱ्या दिवशी हा लेख लिहिला, इथंच, जमिनीवर बसून. मामांकडे ग्वाल्हेरला हे वर्तमानपत्र टपालानं जातं. चहा घेता घेता ते पुरवणी आधी उघडतात. मामा, हा कागद त्या खोलीतून आला आहे, आणि तुम्ही तो हातात धरलाय.